गोदीच्या स्फोटावरची डॉक्युमेंटरी परदेशी बाजारात न्यायची आहे : कुठे जाऊ, काय घेऊन जाऊ?

माझगावची_मुक्ता (धागाकर्ती) · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचितच. आज अडलंय म्हणून धागा काढला.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला. बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि त्यांच्याच सोबतीला कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारपासून बोट धुमसत होती. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीत. एकूण माणसं किती गेली याचा आकडा मात्र कुठे ८०० सापडतो, कुठे १,३००.

माझे पणजोबा गोदीत टोळीवाल्याकडे रोजावर होते. त्या दिवशी अंगात ताप होता म्हणून खाडा झाला. आमचं घर त्या खाड्यावर उभं आहे.

गेली चार वर्षं मी यावर डॉक्युमेंटरी करतेय. माझगाव, डोंगरी, मांडवी, मस्जिद इथल्या अकरा वृद्धांच्या मुलाखती आहेत, मराठी, गुजराती, कच्छी आणि दखनीत. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, ७० मिनिटांचा झालाय. साठवलेले पैसे संपले. एक मैत्रीण म्हणते, जूनमध्ये फ्रान्सला ला रोशेलला 'सनी साइड ऑफ द डॉक' भरतं, तिथे इतिहासाचे विषय घेणारे टीव्हीवाले येतात, तिकडे पिच कर. दुसरा म्हणतो, फ्रान्समधल्याच कानला जा. तिसरा म्हणतो, मुंबईतच आता सगळं होतंय, कशाला जातेस.

ज्यांनी असे बाजार पाहिलेत त्यांनी कृपया सांगा. आणि कुणाला विषय आवडलाच, तर त्याच्याशी काय बोलायचं तेही सांगा. त्यातलं मला काहीही येत नाही.

संकलक_परळ · सोमवार, रात्री ११.२५

मुक्ताताई, विषय फार मोलाचा आहे. आधी मापाचं बोलू, कारण सगळे तिथेच अडखळतात.

७० मिनिटांचा चित्रपट टीव्हीच्या कुठल्याच खणात बसत नाही. युरोपातला एक तासाचा स्लॉट म्हणजे ५२ मिनिटं. अमेरिकेतल्या जाहिरातींच्या चॅनेलांवर तोच तास ४४ च्या आसपास येतो. फेस्टिव्हलला आणि थिएटरला न्यायचा असेल तर ८०-९० मिनिटं. म्हणून बहुतेक निर्माते दोन आवृत्त्या करतात: एक लांब, एक ५२ ची. तुमच्या ७० मधून ५२ काढणं म्हणजे नुसती १८ मिनिटं कापणं नाही, गोष्ट पुन्हा बांधावी लागते. जाण्याआधी निदान कागदावर तरी ५२ चा आराखडा तयार ठेवा. पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरं म्हणजे बाजार दोन जातीचे असतात. एक तयार मालाचा. कानला ऑक्टोबरमध्ये मिपकॉम भरतं ते या जातीचं. डिस्ट्रिब्युटर स्टॉल मांडून बसतात, चॅनेलांचे खरेदीदार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी ठरवून फिरतात. वसंतात तिथेच मिपटीव्ही भरायचं आणि त्याच्या आधीचे दोन दिवस डॉक्युमेंटरीवाल्यांचं मिपडॉक असायचं. ते मिपटीव्ही २०२४ च्या एप्रिलमध्ये शेवटचं झालं, २०२५ पासून त्याच्या जागी फेब्रुवारीत मिप लंडन आलं. जुने लेख वाचून 'मिपडॉकला जा' असं कुणी सांगत असेल तर ते विसरा.

दुसरी जात अपुऱ्या प्रकल्पांची. तिथे तुम्ही चित्रपट विकत नाही, तो पुरा करायला भागीदार शोधता. ॲमस्टरडॅमला नोव्हेंबरात इडफा फोरम, टोरांटोला वसंतात हॉट डॉक्स फोरम, शेफिल्डला मीटमार्केट, आणि तुमचं ला रोशेल. मुलाखती झाल्यात, कट कच्चा आहे, पैसे हवेत, म्हणजे तुमची जागा या दुसऱ्या जातीत. कानला एकट्या निर्मात्याने कच्चा कट घेऊन फिरणं म्हणजे पैशांचा धूर.

शिवडीकर · मंगळवार, सकाळी ७.१०

मी या धंद्यातला नाही, बँकेत आहे. आजोबा गोदीत होते म्हणून धागा उघडला. पिच म्हणजे नक्की काय करतात?

रानजाई · मंगळवार, सकाळी ९.५०

शिवडीकर, पिच म्हणजे मोजून सात मिनिटं उभं राहून आपला चित्रपट सांगायचा, त्यातच दीड-दोन मिनिटांचा ट्रेलर दाखवायचा. मग साधारण तितकाच वेळ समोर बसलेले लोक बोलतात. समोर बसलेले म्हणजे कमिशनिंग एडिटर, कुठला विषय चॅनेलवर घ्यायचा हे ठरवणारे. त्यांच्या मागे सभागृहभर बाकीचे निर्माते ऐकत असतात.

मुक्ता, मी ला रोशेलला एकदा जाऊन आलेय, पश्चिम घाटातल्या देवराईंवरचा प्रकल्प घेऊन. तो बाजार १९९० मध्ये मार्सेला सुरू झाला आणि पुढे या गावात आला. भरतो कुठे माहितेय? गावातल्या जुन्या मासळी लिलावाच्या इमारतीत. फ्रेंचमध्ये 'आँकाँ' म्हणजे लिलाव, इमारतीचं नावच ते. मी ससून डॉकच्या मागच्या गल्लीत वाढलेली मुलगी. पहाटेच्या लिलावात कोळणी पाटी उचलताना समोरच्याच्या डोळ्यात बघून भाव ओळखतात, ते लहानपणापासून पाहिलंय. त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि वाटलं, हे आपल्याला येतं.

आलं नाही. तिथे भाव बोललाच जात नाही. तुझा ट्रेलर झाल्यावर सगळे छान छान म्हणतात. 'फार हृदयस्पर्शी', 'पात्रं सुंदर', 'आपण बोलूया'. पहिल्या दिवशी मी हॉटेलवर येऊन नवऱ्याला फोन केला की पाच चॅनेलांना आवडलंय. दुसऱ्या दिवशी एका बल्गेरियन निर्मातीने मला बाजूला घेऊन समजावलं. 'आवडलं' याला किंमत नाही. 'रफ कट पाठव' म्हणाला तर थोडी आहे. 'आमच्या अमुक स्लॉटला बसेल, पुढच्या वर्षीच्या बजेटात बघते' म्हणाली तर ती खरी खरेदीदार. आणि जो कठोर प्रश्न विचारतो, त्याच्यामागे आधी जायचं. त्याने मनातल्या मनात चित्रपट लावून पाहिलेला असतो.

पिच सात मिनिटांचं असतं. काम पुढच्या दोन दिवसांत, कॉफीच्या टेबलावर होतं. आणि त्यानंतर सहा-आठ महिने ईमेलवर. पाठपुरावा करायचा नसेल तर विमानाचं तिकीट काढूच नकोस.

जुना_प्रोजेक्टर · मंगळवार, दुपारी १.१५

मुक्ता, मी पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या कामात उमेदीची वर्षं घालवली. थोडं मागचं सांगतो, म्हणजे आपल्याकडे हा बाजार का नाही ते कळेल.

फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची. आठ हजारांहून जास्त चित्रपट तिथे झाले. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी आमचा वृत्तपट किंवा माहितीपट दाखवणं बंधनकारक होतं. गिरगावात सेंट्रलला किंवा लालबागला भारतमाताला तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाने तो बघितलेला आहे. म्हणजे बघणारे कोट्यवधी, आणि पैसे देणारं एकच, सरकार. विषय सरकारचा, लांबी ठरलेली, प्रिंटा देशभर जायच्या. दिग्दर्शकाला कुणापुढे उभं राहून 'हा चित्रपट का बघावा' हे सांगायची वेळच आली नाही. उत्तम छायाचित्रणकार, उत्तम संकलक तयार झाले. विकणारा माणूस तयार झाला नाही. २०२२ मध्ये डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं.

'मुंबईतच सगळं होतंय' यात निम्मं तथ्य आहे. मिफ, म्हणजे माहितीपटांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव, १९९० पासून भरतो. २०२४ च्या जूनमध्ये अठरावा झाला, त्यात पहिल्यांदा डॉक्युमेंटरीचा बाजार, डॉक फिल्म बझार भरवला. २०२५ मध्ये १ ते ४ मे ला बीकेसीत जिओ वर्ल्ड सेंटरला वेव्हज हे सरकारचं मनोरंजन-माध्यमांचं संमेलन झालं, त्यालाही खरेदी-विक्रीचा भाग होता, पण तिथे ॲनिमेशन, गेमिंग, संगीत, सगळ्यांचाच मेळा. गोव्यात नोव्हेंबरचा फिल्म बझार २००७ पासून आहे, आता डॉक्युमेंटरीलाही तिथे जागा मिळू लागलीय. पण मला विचारशील तर पहिलं पाऊल कोलकात्यात टाक. डॉकएज २००४ पासून चालू आहे. तिथे आधी काही दिवस बसवून तुझ्याकडून पिच घोटून घेतात आणि मग परदेशी कमिशनिंग एडिटरांपुढे उभं करतात. रेल्वेच्या तिकिटात होणारी गोष्ट आहे.

संकलक_परळ · मंगळवार, दुपारी २.०५

काकांना +१. कोलकाता आधी, मग परदेश. माझ्या दोन दिग्दर्शकांना त्या तालमीचा फार उपयोग झाला.

एक आणखी. इतिहासाचे स्लॉट चालवणारे लोक वर्षपूर्त्यांवर जगतात. महायुद्धाला, चंद्रावरच्या पावलाला इतकी वर्षं झाली की त्याच्या दीड-दोन वर्षं आधी त्यांची खरेदी झालेली असते. स्फोटाला ८० वर्षं २०२४ मध्येच झाली, ती गाडी गेली. तुम्हाला तारखेशिवाय दुसरं कारण द्यावं लागेल, की फ्रान्समधल्या माणसाने हे आत्ता का बघावं.

दप्तरवाला · मंगळवार, रात्री ८.३०

ते कारण बोटीतच आहे. 'फोर्ट स्टिकीन' बांधली कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रूपर्टच्या गोदीत, १९४२ मध्ये. निघाली इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून. कराचीला कापूस घेतला आणि मुंबईत फुटली. तीन देशांच्या चॅनेलांशी बोलायला तीन दरवाजे झाले. शिवाय कॅनडात हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ ला स्फोटकांनी भरलेली बोट फुटून शहर उद्ध्वस्त झालं होतं, ती बोट फ्रेंच होती, 'माँ-ब्लाँ'. आणि बैरूतचं बंदर ४ ऑगस्ट २०२० ला सगळ्या जगाने फोनवर पाहिलं. बंदरात धोक्याचा माल आणि त्याला लागून वस्ती, हा प्रश्न १९४४ चा नाही, आजचा आहे. टोरांटोचा विचार गंभीरपणे करा.

आता माझ्या कामाचं. मी दप्तरं आणि जुनं फुटेज शोधून देतो. ताई, कटमध्ये स्फोटाची जुनी दृश्यं कुठून घेतलीत?

माझगावची_मुक्ता · मंगळवार, रात्री ९.००

काही यूट्यूबवरून. तात्पुरती लावलीत. नंतर परवानगी घेऊ असं ठरवलं होतं.

दप्तरवाला · मंगळवार, रात्री १०.१०

तेच वाटलं होतं. सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

ब्रिटिश पॅथे या जुन्या वृत्तपट कंपनीने २०१४ मध्ये आपले ८५,००० चित्रपट यूट्यूबवर टाकले. तेव्हापासून लोकांचा समज झाला की ते फुकट आहेत. ते बघायला फुकट आहेत, वापरायला नाहीत. परवान्याचा दर चार गोष्टींवर ठरतो: किती सेकंद, कुठले देश, कुठलं माध्यम आणि किती वर्षं. जगभर, सर्व माध्यमं, कायमचे, असे हक्क मागितलेत तर दोन मिनिटांच्या फुटेजला मुलाखतींच्या सगळ्या चित्रीकरणाहून जास्त पैसे जातील. म्हणून आधी फक्त फेस्टिव्हलपुरता परवाना घ्यायचा आणि त्याच कागदावर लिहून घ्यायचं की पुढे टीव्हीला विकलं तर वाढीव दर अमुक. हा आकडा आधी बांधून घेतला नाही, तर विक्री झाल्यावर समोरचा हवा तो सांगतो.

कायद्याचं थोडं. भारतात चित्रपटाचं आणि छायाचित्राचं कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतं. १९४४ ला छापलेला फोटो भारतात मोकळा आहे. पण भारतात मुदत संपली म्हणजे फ्रान्समध्ये संपली असं होत नाही, आणि विकायचंय तर तुम्हाला फ्रान्समध्येच. शिवाय हक्क मोकळा असला तरी चांगली प्रत ज्याच्या ताब्यात आहे तो प्रतीचे पैसे घेतोच.

या विषयात फुटेज मुळातच कमी आहे. युद्धाचे दिवस, सेन्सॉर कडक. सुधीश घटक यांनी चित्रित केलेली फीत लष्कराने ताब्यात घेतली होती, तिचे तुकडेच पुढे लोकांसमोर आले. तेव्हा कागदाकडे वळा. काळ्या घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमध्ये एशियाटिकचा जुन्या वृत्तपत्रांचा साठा आहे. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारक आहे. कागद नीट प्रकाशात टिपला तर पडद्यावर फार बोलतो, आणि त्याची परवानगी मुंबईतल्या मुंबईत मिळते.

आणि हो, ज्या गोदीत स्फोट झाला ती व्हिक्टोरिया डॉक आता बुजवलेली आहे. ती बुजलेली जमीन दाखवा. ते दृश्य कुणाकडून विकत घ्यावं लागत नाही.

वकील_गिरगाव · मंगळवार, रात्री ११.४५

दप्तरवाल्यांनी नव्वद टक्के सांगितलं. मी फक्त एक विचारतो. अकरा मुलाखतींचे रिलीज फॉर्म, म्हणजे मुलाखत वापरायच्या संमतीचे सही केलेले कागद, आहेत का? परदेशी ब्रॉडकास्टर करार करताना 'एरर्स अँड ओमिशन्स'चा, म्हणजे हक्कांवरून कुणी दावा लावला तर त्यासाठीचा, विमा मागतो, आणि विमा कंपनी प्रत्येक चेहऱ्याचा, प्रत्येक फोटोचा, प्रत्येक गाण्याचा कागद मागते. एक जरी नसला तरी तो भाग काढा म्हणतात.

माझगावची_मुक्ता · बुधवार, सकाळी ६.२०

रात्रभर फाइल काढून बसले होते. आठ जणांचे आहेत. अकरातले तिघे आता हयात नाहीत. त्यातल्या एका आजोबांची सही मी घेतलीच नव्हती. मुलाखत झाली, त्यांना रडू फुटलं, आजीने चहा केला, आणि त्या वेळी पाकिटातून कागद काढणं मला जमलं नाही. आणखी दोघींच्या सह्या 'कॉलेजच्या प्रकल्पासाठी' अशा जुन्या कागदावर आहेत.

त्या आजोबांची मुलाखत हा माझ्या चित्रपटाचा कणा आहे. ते तेव्हा नऊ वर्षांचे होते.

वकील_गिरगाव · बुधवार, सकाळी ९.३०

घाबरू नका. आजोबांच्या मुलामुलींना भेटा, मुलाखत दाखवा, आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एकाची घेऊन थांबू नका, भावंडांत वाद असतो. त्या दोघी हयात असतील तर नव्याने सही घ्या. कागद त्यांच्या भाषेत असू द्या, आणि तो वाचून दाखवताना कॅमेरा चालू ठेवा. अंगठा असला तर दोन साक्षीदार. कागदात स्पष्ट हवं: जगभर, टीव्ही, इंटरनेट, फेस्टिव्हल, अनुवादासकट. 'कॉलेजचा प्रकल्प' लिहिलेला कागद विक्रीला चालणार नाही.

शिवडीकर · बुधवार, दुपारी १२.५५

एक मनातलं विचारतो. त्या सोन्याच्या विटा. आमच्याकडे या स्फोटाचं नाव काढलं की लोक सोन्याचंच बोलतात. आकाशातून वीट पडली, कुणा पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती परत केली, वगैरे. परदेशी चॅनेलला पण तेच हवं असेल ना? माझ्या आजोबांचा भाऊ त्या दिवशी कामावर गेला तो परत आला नाही. पंजी शेवटपर्यंत जेवायच्या वेळी दाराकडे बघायची. तिच्या गोष्टीला कोण विकत घेणार?

रानजाई · बुधवार, दुपारी ३.४०

शिवडीकर, हवं असतं. खोटं कशाला सांगू. 'बुडालेलं सोनं' म्हटलं की मान वर होते. माझ्या देवराईंच्या वेळी मला एकाने सांगितलं होतं, 'यात वाघ घालता येईल का?' देवराईत वाघ नव्हता. मी नाही म्हटलं. तो चॅनेल गेला.

पण मुक्ताने सोनं लपवूही नये. सोनं बोटीत होतं, खरंच होतं. ट्रेलरच्या पहिल्या वीस सेकंदांत वीट दाखव आणि तिथून सरळ त्या दाराकडे बघणाऱ्या पंजीकडे जा. सोन्याचा हिशेब ठेवला गेला, विटा मोजून ठेवल्या होत्या. माणसांचा आकडा मात्र ८०० की १,३०० ते आजही ठरत नाही. तुझा चित्रपट या दोन हिशेबांच्या मधे उभा आहे. हे वाक्य पिचमध्ये म्हण.

नाव बदला, सोनं नावात आणा, असं कुणी म्हणालं तर त्यांच्या देशातल्या प्रसारणापुरतं नाव बदलायची मुभा दे. मूळ नाव तुझं राहू दे. हे करारात लिहिता येतं.

संकलक_परळ · बुधवार, सायंकाळी ५.१५

रानजाई, 'दोन हिशेब' हे ऐकून माझ्या डोक्यात ५२ चा कट बसला.

तांत्रिक दोन गोष्टी राहिल्या. संगीत आणि ध्वनी परिणामांचा ट्रॅक निवेदनापासून वेगळा ठेवा, आणि पडद्यावरच्या अक्षरांशिवायची प्रत काढून ठेवा. या दोन्हीशिवाय डिलिव्हरी, म्हणजे चॅनेलला चित्रपट सोपवणं, पूर्ण धरत नाहीत, आणि शेवटचा हप्ता डिलिव्हरीवर असतो. दुसरं, जर्मनीत आणि फ्रान्समध्ये टीव्हीवर मुलाखतीचा आवाज खाली घेऊन वर त्यांच्या भाषेतला आवाज लावतात. आर्ते हे दोन्ही देशांचं सामायिक चॅनेल तर फ्रेंच आणि जर्मन दोन्हीत करतं. तुमच्या आजोबांचा हुंदका त्या आवाजाखाली दबू नये म्हणून महत्त्वाच्या जागी मूळ आवाज मोकळा ठेवा, सबटायटल मागा. सगळे ऐकत नाहीत, पण मागितलं तर काही ऐकतात.

माझगावची_मुक्ता · बुधवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. रानजाई, तुझ्या प्रकल्पाचं पुढे काय झालं? चित्रपट कुठे बघायला मिळेल?

रानजाई · गुरुवार, रात्री १२.३०

हे लिहायचं नव्हतं, पण तू विचारलंस आणि तुझ्या कामाचं आहे म्हणून लिहिते.

ला रोशेलनंतर नऊ महिन्यांनी एका परदेशी डिस्ट्रिब्युटरने चित्रपट घेतला. आगाऊ रक्कम दिली, ती संकलनात गेली. माझ्या हातात चोवीस पानांचा करार आला. मी पैशांचं पान वाचलं. कमिशन तीस टक्के, ते चाललं असतं, तसंच असतं. खर्चाची मर्यादा लिहिलेली नव्हती, ते मला समजलं नाही. आधी कमिशन, मग त्यांचे स्टॉलचे, प्रवासाचे, पोस्टरचे खर्च, मग आगाऊ रकमेची वसुली, आणि उरलं तर मी. समज शंभर रुपयांना विकलं तर तीस गेले, चाळीस खर्चात दाखवले, तीस वसुलीत. विक्री चार देशांत झाली. मला त्यानंतर काही आलं नाही. ते एक वेळ सोडून दे.

सतराव्या पानावर लिहिलं होतं: सर्व भाषा, सर्व माध्यमं, सर्व जग, पंधरा वर्षं. ज्या गावाच्या देवराईवर चित्रपट आहे, तिथल्या लोकांना मी शब्द दिला होता की चित्रपट पुरा झाला की देवळासमोर पडदा लावून दाखवीन. मराठीत. मी परवानगी मागितली. उत्तर आलं की भारतातल्या विक्रीची बोलणी चालू आहेत, तोवर सार्वजनिक प्रदर्शन नको. ती बोलणी तीन वर्षं चालू होती. मग उत्तरं यायची थांबली. करार अजून जिवंत आहे. ज्या पुजारीबाबांनी मला रानातला प्रत्येक दगड दाखवला, ते चित्रपट न बघता गेले. मी त्यांच्या दिवसाला गेले होते. त्यांच्या सुनेने काही विचारलं नाही, मीही काही बोलू शकले नाही.

मुक्ता, तू चार गोष्टी काढून ठेव. भारताची टेरिटरी, म्हणजे भारतापुरते हक्क. मराठी आणि सगळ्या भारतीय भाषांतल्या आवृत्त्या. शाळा-कॉलेज, ग्रंथालयं, वस्त्यांमधलं विनामूल्य प्रदर्शन. आणि होल्डबॅक, म्हणजे त्यांचं प्रसारण होईपर्यंत तू दाखवायचं नाही तो काळ, त्याला शेवटची तारीख. 'प्रसारणानंतर सहा महिने' एवढंच लिहिलं आणि त्यांनी प्रसारणच केलं नाही, तर तू कायमची अडकतेस. 'डिलिव्हरीपासून अठरा महिने किंवा प्रसारणापासून सहा, जे आधी येईल ते' असं लिहून घे. नाही म्हणाले तर दुसरा शोध.

वकील_गिरगाव · गुरुवार, सकाळी ८.४५

रानजाई, त्या कराराची प्रत मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. हिशेबपत्रकं वेळेवर द्यायचं कलम बहुतेक करारांत असतं. ती दिली नसतील आणि पत्रांना उत्तर नसेल, तर करार संपवायला वाट असू शकते. फी नको. कलमं बघूनच काय ते सांगेन.

मुक्ताताई, तुम्हीही सही करण्याआधी दाखवा. आणि आयकर खात्याकडून कर-निवासाचा दाखला काढून ठेवा, नाहीतर परदेशी कंपनी रॉयल्टीतून जास्तीचा कर कापते. पैसे आले की बँकेकडून परकीय रकमेचा दाखलाही मागून घ्या.

रानजाई · गुरुवार, सकाळी ९.१०

पाठवते. आजच.

जुना_प्रोजेक्टर · गुरुवार, दुपारी ४.००

रानजाई, पोरी, तुझा चित्रपट मोकळा झाला की पडदा आणि प्रोजेक्टर माझा. अजून चालतो. मी स्वतः घेऊन येईन.

माझगावची_मुक्ता · शुक्रवार, रात्री ९.३०

ठरवलं ते लिहिते. यंदा ला रोशेलला जात नाही. आधी वारसांच्या सह्या, उद्यापासून सुरुवात. आजोबांच्या धाकट्या मुलीशी बोलणं झालं, त्या भायखळ्याला राहतात, म्हणाल्या, 'बाबांचा आवाज ऐकवशील ना?' मग यूट्यूबचं फुटेज काढून दप्तरवाल्यांबरोबर एल्फिन्स्टनला. संकलकदादा ५२ च्या कटसाठी दोन रविवार देतो म्हणालेत. डॉकएजला अर्ज करणार आहे, तिथे उभं राहायला जमलं तर पुढच्या वर्षी टोरांटो. आणि पहिलं प्रदर्शन माझगावात, मराठीत. ते आत्ताच ट्रेलरच्या कागदावर लिहून टाकलंय, म्हणजे वाटाघाटी करणाऱ्याला पहिल्या भेटीतच कळेल.

शिवडीकर · शुक्रवार, रात्री ११.१५

मुक्ताताई, घरी वडिलांशी बोललो. त्यांची आत्या आहे, कॉटन ग्रीनला. स्फोटाच्या वेळी सात-आठ वर्षांची होती, तेव्हा दारूखान्याला राहायचे. त्या हरवलेल्या भावाला शोधायला पंजीबरोबर जे.जे.मध्ये गेली होती, हे तिने मला आज पहिल्यांदा सांगितलं. कानाला कमी येतं, पण बोलते स्पष्ट. सकाळी अकराच्या आत आलात तर बरं, दुपारी झोपते. रविवारी चालेल का? इमारतीला लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे, सामान चढवायला मी आणि माझा मुलगा खाली थांबू.

माझगावची_मुक्ता · शुक्रवार, रात्री ११.२०

रविवारी साडेनऊला येते. या वेळी कागद आधी वाचून दाखवीन, मग कॅमेरा लावीन. आत्यांना चहात साखर चालते का? येताना गरम जिलबी आणते.

शिवडीकर · शुक्रवार, रात्री ११.२४

चालते. जिलबी तिला फार आवडते.